सेंट हेलेन्सच्या पोटातला शिलारस : भूकंपलहरींच्या अभ्यासाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

प्रकल्पाला आज सुरुवात केली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीखाली सुमारे २० किमी खोलीपर्यंतच्या कवचात पी (दाबाच्या, आधी पोहोचणाऱ्या) आणि एस (आडव्या हेलकाव्याच्या, मागून येणाऱ्या) या दोन्ही भूकंपलहरींचा वेग कसा बदलतो याचे त्रिमितीय प्रारूप तयार करायचे आणि त्या प्रारूपातील नेमक्या कोणत्या भागाला ‘शिलारस’ म्हणता येईल हे तपासायचे, एवढाच हेतू आहे. नवी उपकरणे कोठेही लावायची नाहीत. सगळ्या नोंदी सार्वजनिक संग्रहातून घ्यायच्या आहेत. पुण्यात बसून वॉशिंग्टनच्या डोंगराचा अभ्यास कसा काय, असे घरच्यांनी विचारले खरे, परंतु या शाखेतील बरेचसे काम आता असेच चालते आणि उपकरण कोणी लावले यापेक्षा नोंद कोणी कशी वाचली याला महत्त्व असते.

हाच ज्वालामुखी निवडण्याची कारणे दोन. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी येथे ५.१ महत्तेचा भूकंप झाला, कित्येक आठवडे फुगत चाललेला उत्तरेचा उतार ढासळला आणि त्यामुळे वरचे दडपण एकदम नाहीसे झालेल्या शिलारसाचा आडवा स्फोट झाला. त्यात ५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि शिखर २,९५० मीटरवरून २,५४९ मीटरवर आले. पुढे १९८६ पर्यंत आणि नंतर पुन्हा २००४ ते २००८ या काळात विवरात डेसाइट खडकाचा घुमट वाढत राहिला. म्हणजे खाली शिलारसाचा साठा आहे याविषयी वाद नाही. तो कोठे, केवढा आणि कोणत्या अवस्थेत आहे याविषयी आहे.

दुसरे कारण जागेचे. हुआन दे फुका भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो आणि त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे वरच्या प्रावरणाचा काही अंश वितळतो, त्यातून कॅस्केड पर्वतरांगेतील ज्वालामुखी पोसले जातात. माउंट ॲडम्स या ओळीत व्यवस्थित बसतो. सेंट हेलेन्स मात्र त्याच्या पश्चिमेस सुमारे ५० किमीवर, ओळ सोडून उभा आहे. तेथे खाली जाणारा भूपट्ट जेमतेम ७० किमी खोल आहे आणि इतक्या उथळ ठिकाणी प्रावरण थंड असायला हवे. थंड प्रावरणावर एवढा जागता ज्वालामुखी कसा, हे कोडे आमच्या प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण ते सतत पाठीशी राहील.

९ जानेवारी

नोंदींची उपलब्धता पाहिली. २०१४ ते २०१६ या काळात येथे ‘आयमश’ नावाची मोठी मोहीम झाली होती. तिचे तीन भाग आमच्या कामाचे आहेत. पहिला, सुमारे ७० ब्रॉडबँड (मंद ते जलद अशी सर्व कंपने टिपणारी) स्टेशने, साधारण १० किमी अंतराने, दोन वर्षे. दुसरा, २०१४ च्या उन्हाळ्यात कूपनलिकांमध्ये सुरुंग भरून केलेले २३ नियंत्रित स्फोट आणि ते टिपण्यासाठी रस्त्यांच्या कडेने ठेवलेले सुमारे २,५०० छोटे भूकंपमापक. तिसरा, शिखराच्या १५ किमी परिघात दोन आठवड्यांसाठी पसरलेली सुमारे ९०० वायररहित उपकरणे. यांखेरीज पॅसिफिक नॉर्थवेस्ट सेस्मिक नेटवर्क आणि अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची कॅस्केड ज्वालामुखी वेधशाळा यांची कायमची स्टेशने आहेतच.

सुरुंगांचे मोल वेगळे आहे. नैसर्गिक भूकंपाचे स्थान, खोली आणि वेळ ही तिन्ही अज्ञात असतात आणि वेगाचे प्रारूप चुकीचे असले तर ती चूक गुपचूप भूकंपाच्या खोलीत जाऊन बसते. सुरुंगाची जागा मीटरपर्यंत आणि वेळ सेकंदाच्या अगदी लहान अंशापर्यंत माहीत असते, त्यामुळे तेथे चुकीला लपायला जागा उरत नाही. तोटा असा की स्फोटातून एस-लहरी जोमदार निघत नाहीत आणि शिलारसाबाबत सगळ्यात बोलक्या लहरी त्याच आहेत. म्हणून भूकंप आणि सुरुंग दोन्ही एकत्र वापरण्याचे ठरवले.

२० जानेवारी

अर्थस्कोप या भूकंपनोंदींच्या सार्वजनिक संग्रहातून नोंदी उतरवून घेण्याचे काम रात्रंदिवस चालू आहे. दरम्यान भूकंपांची यादी नकाशावर टाकून पाहिली.

नकाशावर दोन गोष्टी ठळक आहेत. विवराच्या थेट खाली भूकंपांचा एक उभा, अरुंद खांब आहे. उत्तर-वायव्येकडे सेंट हेलेन्स भूकंपप्रवण पट्टा नावाची एक लांब रेघ आहे; फेब्रुवारी १९८१ मध्ये एल्क लेकजवळ झालेला ५ पेक्षा अधिक महत्तेचा भूकंप याच पट्ट्यातला. याशिवाय आग्नेयेकडे २० किमीहून अधिक खोलीवर काही थोडे दीर्घ-आवर्ती, म्हणजे मंद कंपनांचे, भूकंप होतात. त्यांचा आवाज वेगळा असतो, सुरुवात अस्पष्ट असते आणि ते बहुधा द्रवाच्या हालचालीशी निगडित मानले जातात. आमच्या पद्धतीला त्यांचा उपयोग नाही, कारण ज्याची सुरुवातच अस्पष्ट आहे त्याच्या आगमनाची वेळ वाचायची तरी कशी?

प्रकल्पाचे मार्गदर्शक सर म्हणाले, “भूकंप कोठे होतात यापेक्षा कोठे होत नाहीत ते बघ.” त्यांचा रोख १९८५ च्या स्कँडोन आणि मेलोन यांच्या लेखाकडे होता. १९८० नंतरच्या भूकंपांमध्ये साधारण ७ किमीखाली एक रिकामा भाग आहे, आजूबाजूला भूकंप आहेत पण त्या भागात नाहीत. तेथील खडक इतका तापलेला असावा की तो तडकत नाही, नुसता वाकतो, असा त्यांचा तर्क होता. टोमोग्राफी (लहरींच्या वेळांवरून जमिनीखालचे वेगाचे चित्र काढण्याची आमची पद्धत) न करता, नुसत्या ठिपक्यांच्या नकाशावरून काढलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे. आमच्यासाठी मात्र तो अडचणीचाही आहे. जेथे भूकंप नाहीत तेथून लहरी निघत नाहीत, म्हणजे ज्या भागाचे चित्र हवे तो भाग केवळ आरपार जाणाऱ्या किरणांनीच उजळणार आणि त्याच्या खालून वर येणारे किरण फारच विरळ असणार.

३ फेब्रुवारी

आगमनाच्या वेळा वाचण्याचे काम सुरू झाले. पहिली चाळणी ‘फेजनेट’ या यंत्रशिक्षणावर आधारलेल्या प्रणालीने केली. पी-लहरींसाठी ती उत्तम चालते. एस-लहरींबाबत मात्र प्रत्येक संशयास्पद नोंद डोळ्यांनी पाहायची असे ठरवले आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रकल्पाची सगळी मदार त्याच्यावरच आहे.

उदाहरणादाखल आजची एक नोंद. भूकंप उत्तरेकडील पट्ट्यात, स्टेशन विवराच्या दक्षिणेस. म्हणजे किरण नेमका डोंगराच्या पोटाखालून गेलेला. उभ्या घटकावर, म्हणजे जमिनीची वर-खाली हालचाल टिपणाऱ्या नोंदीवर, पी-लहरीची सुरुवात सुईच्या टोकासारखी स्वच्छ आहे. एस मात्र तशी नाही. तिच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी उभ्या घटकावर एक उसळी दिसते आणि प्रणालीने मोठ्या आत्मविश्वासाने तिलाच एस ठरवले आहे. दोन्ही आडवे घटक भूकंपाच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात फिरवून पाहिल्यावर उलगडा झाला. काटकोनातील घटकावर त्या वेळी काहीच नाही. खरी एस-लहर त्यानंतर येते आणि तीही कोपरा करून नव्हे, तर हळूहळू चढत. आधीची उसळी म्हणजे स्टेशनच्या खाली उथळ थरात एसचे पीमध्ये रूपांतर होऊन पुढे निसटलेली लहर होती. त्याच भूकंपाची एस-लहर डोंगराला वळसा घालून गेलेल्या पूर्वेकडील स्टेशनवर खणखणीत आहे, तिच्यात जलद कंपने शाबूत आहेत. पोटाखालून गेलेल्या लहरीतील ती जलद कंपने गळून गेली आहेत. ऊर्जा कोठेतरी शोषली गेली, हे या एका नोंदीवरून प्रारूपाआधीच दिसते. शोषणाचा वेगळा अभ्यास करायला हवा अशी टीप करून ठेवली.

खडक कोसळण्याच्या आणि विवरातील हिमनदीच्या कंपनांच्या नोंदी वेगळ्या काढल्या. १९८० नंतर घुमटाभोवती साचत गेलेली ही हिमनदी चांगलीच कुरकुर करते.

५ फेब्रुवारी

वदाती आलेख काढले. एस आणि पी यांच्या आगमनातील फरक पी-लहरीच्या आगमनाच्या वेळेसमोर मांडला की सरळ रेषा यावी आणि तिच्या उतारात १ मिळवला की दोन वेगांचे सरासरी गुणोत्तर मिळावे. ते १.७३ च्या आसपास आहे, म्हणजे सर्वसाधारण कठीण खडकाचे. रेषेपासून दूर पडलेले बिंदू पुन्हा तपासणीला.

१७ फेब्रुवारी

एकमितीय प्रारूप (वेग फक्त खोलीनुसार बदलतो असे धरलेले) आणि स्टेशनांच्या दुरुस्त्या झाल्या. विवराजवळची स्टेशने सैल राख, प्युमिस आणि दरडीच्या भरावावर उभी आहेत, तेथे लहरी पृष्ठभागापाशीच अडखळतात आणि हा उशीर खोलीतील एखाद्या गोष्टीच्या माथी मारला जाऊ नये म्हणून स्टेशनागणिक दुरुस्ती आवश्यक असते. परंतु दुरुस्ती फार सैल सोडली तर ती खालचा खरा उशीरही गिळून टाकते. सुरुंगांच्या नोंदींवरून ही मर्यादा बांधली.

एक व्यावहारिक सूचना, पुढे घोळ होऊ नये म्हणून: या प्रकल्पात सर्व खोल्या समुद्रसपाटीपासून मोजल्या जातील. काही लेखांत त्या डोंगराच्या पृष्ठभागापासून दिलेल्या असतात आणि शिखर अडीच किलोमीटर उंच असल्यामुळे ‘आठ किलोमीटर’ या शब्दांचे दोन वेगळे अर्थ होतात.

१० मार्च

त्रिमितीय व्युत्क्रमणाला, म्हणजे वेळांवरून उलट वेग काढण्याच्या गणिताला, आरंभ केला. विवराभोवती २ किमीचे आणि बाहेर ४ किमीचे ग्रिड घेतले आहे. लहरीचा अग्रभाग ग्रिडमधून कसा सरकतो हे फास्ट मार्चिंग पद्धतीने काढायचे, त्यावरून किरणांचे मार्ग मिळवायचे, मोजलेल्या व अपेक्षित वेळांतील फरक त्या मार्गांवर वाटून वेग सुधारायचा, भूकंपांची स्थाने पुन्हा काढायची आणि फरक घटेनासा होईपर्यंत हेच चक्र चालवायचे. मूळ कल्पना आकी आणि ली यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील भूकंपांवर मांडली. तेव्हापासून गणकयंत्र बदलले, विचार तोच राहिला. सेंट हेलेन्सवर हीच पद्धत लीस आणि क्रॉसन यांनी १९८९ मध्ये आणि वेट व मोरन यांनी २००९ मध्ये वापरली आहे.

डॅम्पिंग (वेगातील बदलांना घातलेला लगाम) आणि स्मूदिंग (शेजारच्या मूल्यांतील फरक गुळगुळीत करणे) किती ठेवायचे याचे गणिती उत्तर नसते. डॅम्पिंग कमी ठेवले तर चित्रात भडक, तुटक ठिगळे येतात. जास्त ठेवले तर सगळे सपाट, बिनचेहऱ्याचे होते. वेळांतील उरलेला फरक आणि प्रारूपातील चढउतार यांच्या आलेखाच्या वळणापाशी मूल्य निवडण्याचा प्रघात आहे, पण ते वळण बऱ्याचदा इतके गोलसर असते की त्याच्यावर बोट कोठे ठेवायचे हे शेवटी संशोधकच ठरवतो. प्रकाशित चित्रांत हे मूल्य एका ओळीत येते आणि वाचकाची नजर त्यावर ठरत नाही. मला वाटते, त्याच आगमनवेळांतून निघू शकणारी दोन टोकाची चित्रेही शेजारी छापली पाहिजेत.

पहिले रंगीत चित्र सरांना दाखवायला नेले. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाले, “रंग नंतर. आधी किरण दाखव.”

१८ मार्च

किरणांची घनता आणि बुद्धिबळाच्या पटाची चाचणी. कृत्रिम प्रारूपात आळीपाळीने वेगवान व मंद चौकोन भरायचे, खऱ्या किरणांवरून त्यांच्या वेळा काढायच्या, त्यांत वाचनातील त्रुटींएवढा गोंधळ मिसळायचा आणि पट परत मिळतो का पाहायचे. सुमारे १० किमी खोलीपर्यंत ६ किमीचे चौकोन ओळखू येतात. १५ किमीखाली ते उभे ताणले जाऊन एकमेकांत मिसळतात. एस-लहरींसाठी परिस्थिती आणखी वाईट आहे.

या चाचणीवर आमचा फारसा विश्वास नाही, तरी ती करावी लागते. पटाचे चौकोन नियमित असतात, शेजारच्या विरुद्ध रंगामुळे ते सुटे दिसतात, आणि ज्या गणिताने वेळा काढल्या त्याच गणिताने त्या उलट सोडवल्या जातात, त्यामुळे गणितातली उणीव चाचणीत उघडी पडत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: आजूबाजूच्या खडकाहून खूपच मंद असा एखादा लहान गोळा खाली असेल तर तो दिसेल का? त्यासाठी वेगळी चाचणी लागेल.

२ एप्रिल

प्रारूप स्थिरावले आहे. विवराखाली समुद्रसपाटीपासून साधारण ५ किमीपासून खाली एस-लहरींचा वेग कमी होतो, पी-लहरींचा त्या मानाने कमी घटतो आणि त्यामुळे दोन वेगांचे गुणोत्तर भोवतालापेक्षा वाढते. कायझर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सुरुंगांच्या दाट नोंदींवरून सुमारे ४ ते १३ किमी खोलीवर असाच उच्च गुणोत्तराचा भाग दाखवला होता. वेगळ्या सामग्रीतून, वेगळ्या हातांनी काढलेले हे दोन निष्कर्ष जुळणे समाधानाचे आहे. खोलवरच्या कवचात त्यांना सेंट हेलेन्सखाली उलट वेगवान खडक आणि आग्नेयेला मंद भाग दिसला होता. आमचे किरण तेथवर विश्वासाने पोहोचत नाहीत, तेव्हा त्याबाबत आम्ही गप्प राहू.

उच्च गुणोत्तर म्हणजे शिलारस, हे समीकरण मात्र सरळ नाही. द्रवात एस-लहर चालत नाही, म्हणून खडकात द्रव असला की एस अधिक मंदावते आणि गुणोत्तर वाढते, येथपर्यंत ठीक. पण द्रव म्हणजे पाणीही असू शकते. याच पद्धतीची टोमोग्राफी आपल्याकडे कोयना-वारणा परिसरातही झाली आहे. तेथे वेगातील फरकांचा अर्थ लावताना भेगांमधील पाण्याचा विचार होतो, शिलारसाचा नाही, कारण दख्खनचे लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली आहेत. म्हणजे लहरींची साक्ष सारखी असली तरी निकाल तेथील भूशास्त्र देते. सेंट हेलेन्सखाली तो निकाल शिलारसाच्या बाजूने देण्यास आधार आहे तो खडकांचा: १९८० च्या डेसाइटमधील खनिजांवर केलेल्या प्रयोगांवरून तो शिलारस उद्रेकापूर्वी सुमारे २२० मेगापास्कल दाबाखाली आणि ९३० अंश सेल्सियसच्या आसपास मुरत होता असे निघते. हा दाब पृष्ठभागाखाली ८ ते ९ किमी खोलीशी जुळतो. भूकंपांचा रिकामा भाग, खनिजांचा दाब आणि आमच्या एस-लहरी, तिघेही एकाच मजल्याकडे बोट दाखवतात.

१४ एप्रिल

लहान गोळ्याची चाचणी. ही नोंद विस्ताराने करतो, कारण प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे असे माझे मत झाले आहे.

समजा, ४ किमी व्यासाचा गोळा आहे. भोवतालच्या खडकात पी-लहरींचा वेग सेकंदाला ६ किमी आणि एस-लहरींचा ३.४६ किमी. गोळ्यात पी १० टक्क्यांनी आणि एस २० टक्क्यांनी मंद. गोळ्याच्या मध्यातून सरळ जाणाऱ्या किरणाला पीसाठी ०.०७ सेकंद आणि एससाठी ०.२९ सेकंद उशीर होईल. आम्ही पी-लहरीची वेळ फार तर ०.०५ सेकंदापर्यंत अचूक वाचतो आणि एसची त्याच्या दुप्पट-तिप्पट त्रुटीने. म्हणजे एसचा उशीर तरी सहज दिसायला हवा, असे कागदावर वाटते.

प्रत्यक्षात लहर गोळ्यातून जाण्यास बांधील नाही. भूकंप आणि स्टेशन गोळ्याच्या दोन बाजूंना प्रत्येकी १५ किमी अंतरावर असतील तर कडेने वळसा घेण्यासाठी जेमतेम पाव किलोमीटर जास्त चालावे लागते. एवढ्या वळशाला पी-लहर सुमारे ०.०४ सेकंद आणि एस-लहर सुमारे ०.०८ सेकंद अधिक घेते. पहिली पोहोचणारी लहर हीच असते आणि आम्ही नेमकी पहिलीच लहर वाचतो. सर्वांत वाईट भाग पुढे आहे: गोळ्यातील एसचा वेग २० ऐवजी ५० टक्क्यांनी घटवला, फार काय गोळा शंभर टक्के द्रव केला, तरी पहिल्या आगमनाचा उशीर ०.०८ सेकंदांच्या पुढे जात नाही! गर्दीच्या चौकात वाहतूक पूर्ण ठप्प आहे की नुसती हळू चालली आहे, हे बाजूच्या गल्लीतून निघून गेलेल्या रिक्षावाल्याला सांगता येणार नाही, तसा हा प्रकार आहे.

शिवाय लहर ही रेघ नसते. ५ हर्ट्‌झच्या पी-लहरीची तरंगलांबी १.२ किमी, ३० किमीच्या प्रवासात ती मधोमध सुमारे ६ किमी रुंदीच्या पट्ट्याने जमिनीची चव घेत जाते. ४ किमीचा गोळा त्या पट्ट्यात पूर्ण मावतो, आणि गोळ्यामागे लहरीच्या अग्रभागाला पडलेली खळी पुढे आपोआप भरून येते.

कृत्रिम वेळा पूर्ण तरंगगणिताने काढल्या आणि त्या आमच्या नेहमीच्या किरण-पद्धतीने उलट सोडवल्या. मूळ प्रारूपातील २० टक्क्यांची घट परत मिळालेल्या चित्रात बरीच सौम्य झाली आणि गोळा आकाराने फुगला. म्हणजे आमच्या खऱ्या चित्रातील मोठा, फिकट मंद भाग हा खरोखर मोठा व फिकट असेल, किंवा त्याच्या आत लहान पण चांगलाच द्रवयुक्त गाभा असेल; आगमनाच्या वेळा या दोहोंत निवड करू शकत नाहीत.

अमेरिकेतील यलोस्टोन या ज्वालामुखीचा इतिहास याला पुष्टी देतो. तेथील वरच्या साठ्यातील द्रवांश २०१४ मध्ये आगमनाच्या वेळांवरून ५ ते १५ टक्के सांगितला गेला. २०२२ मध्ये मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी पृष्ठलहरींच्या संपूर्ण तरंगरूपावर काम केले तेव्हा तो १६ ते २० टक्के निघाला. मधल्या आठ वर्षांत यलोस्टोनखाली काही ओतले गेले नव्हते. पद्धत बदलली होती.

२८ एप्रिल

वेगावरून द्रवांश काढण्याचा प्रयत्न. हॅमंड आणि हम्फ्रीज यांनी २००० मध्ये वरच्या प्रावरणासाठी काढलेला नियम असा की दर १ टक्का द्रवामागे पी-वेग किमान ३.६ आणि एस-वेग किमान ७.९ टक्क्यांनी घटतो. तो त्यांनी स्फटिकांच्या सांध्यांत पातळ, पसरट साचलेल्या द्रवासाठी काढला होता. डेसाइटचा दाट द्रव गोलसर कप्प्यांत बसलेला असेल तर तेवढ्याच वेगघटीसाठी कितीतरी अधिक द्रव लागतो. म्हणजे एकाच रंगाच्या ठिपक्याचे दोन अर्थ, एक जवळजवळ घट्ट गरम खडकाचा आणि दुसरा चांगल्या ओल्या लगद्याचा. त्यात तापमानाचा वाटा वेगळा: खडक न वितळताही नुसता तापला तरी लहरी मंदावतात.

येथे ‘शिलारसाची टाकी’ ही जुनी प्रतिमा सोडून दिलेली बरी. काशमन, स्पार्क्स आणि ब्लंडी यांनी २०१७ मध्ये मांडल्याप्रमाणे बहुतेक ज्वालामुखींखाली कवचभर पसरलेला स्फटिकांचा लगदा असतो. त्यात द्रव थोडा आणि स्फटिक फार असतात, द्रवाची तुलनेने पातळ भिंगे अधूनमधून तयार होतात आणि स्फटिकांचे प्रमाण साधारण निम्म्याच्या खाली उतरले तरच तो माल वाहू शकतो. उद्रेकाच्या दृष्टीने महत्त्वाची असतात ती भिंगे आणि नेमकी तीच आमच्या पद्धतीच्या डोळ्यांतून निसटतात. तेव्हा अहवालात द्रवांशाचा एक आकडा द्यायचा नाही. द्रवाच्या तीन वेगवेगळ्या रचना गृहीत धरून तीन वक्र द्यायचे. सहाध्यायी म्हणाली की अशाने वर्तमानपत्रवाल्यांची पंचाईत होईल. होऊ दे.

९ मे

विद्युतरोधाच्या अभ्यासाशी तुलना केली. २००९ मध्ये हिल आणि सहकाऱ्यांनी सेंट हेलेन्स व ॲडम्स यांच्या दरम्यान कवचात विद्युतवाहक पट्टा दाखवून तो विस्तृत, अंशतः वितळलेला प्रदेश असल्याचे सुचवले होते. २०१८ मध्ये बेड्रोजियन आणि सहकाऱ्यांनी अधिक दाट मोजणी करून त्या वाहकतेचा बराचसा भाग जुन्या, रूपांतरित गाळखडकांच्या पट्ट्यांना दिला आणि स्पिरिट लेकच्या कठीण ग्रॅनाइटी शिलापुंजामुळे शिलारसाचा वर येण्याचा मार्ग ठरतो असे मांडले. एकाच वाहक पट्ट्याचे दोन अन्वयार्थ नऊ वर्षांच्या अंतराने आले. आमच्या नकाशातही त्या शिलापुंजाच्या जागी वेगवान खडक दिसतो आणि मंद भाग त्याच्या कडेला आहे. अंतर्गत धागा जुळतो एवढे म्हणता येते.

सुरुवातीच्या कोड्याबाबत एक जोड. हॅन्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्या ९०० उपकरणांच्या नोंदींवरून दाखवले की कवच व प्रावरण यांच्या सीमेवरून, म्हणजे मोहोवरून परतणारी लहर पूर्वेकडे जोरकस आहे आणि सेंट हेलेन्सच्या पश्चिमेस ती एकाएकी क्षीण होते. तेथील प्रावरण थंड असून पाण्यामुळे त्याचे सर्पेंटाइन (पाणी धरून ठेवणारे खनिज) झाले आहे असा त्याचा अर्थ. थंड प्रावरणात शिलारस तयार होणार नाही. तो पूर्वेकडून, तिरका प्रवास करून आला असला पाहिजे. दीर्घ-आवर्ती भूकंपही आग्नेयेलाच आहेत. आमचे विवराखालचे चित्र या प्रवासाचा फक्त शेवटचा टप्पा दाखवते.

२३ मे

अंतर्गत चर्चासत्रात काम मांडले. आपल्या बॅरन बेटावर असे करता येईल का, हा प्रश्न अपेक्षित होता आणि तो आलाच. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किमीवरचे हे बेट दक्षिण आशियातील एकमेव निश्चितपणे जागृत ज्वालामुखी आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु संकल्प’ नौकेवरील चमूने त्याचा उद्रेक प्रत्यक्ष पाहिला होता. अडचण भूमितीची आहे. बेट जेमतेम ३ किमी व्यासाचे, आणि ज्वालामुखीचा बहुतांश भाग दोन किलोमीटरहून खोल समुद्रतळावर उभा. फक्त बेटावर स्टेशने ठेवली तर सगळे किरण जवळजवळ उभे येतील आणि कोणत्या खोलीवर उशीर झाला ते कळणार नाही. समुद्रतळावर भूकंपमापकांचे कडे घालावे लागेल, तेही निदान सेंट हेलेन्सच्या जाळ्याएवढ्या रुंदीचे, आणि सुरुंगांऐवजी नौकेवरील एअरगन (पाण्यात दाबलेली हवा सोडून लहरी निर्माण करणारे उपकरण) वापरावी लागेल. हे अशक्य नाही, मात्र खर्चिक आहे.

३० मे

अंतिम चित्रे ठरली. जेथे किरणांची घनता ठरावीक मर्यादेखाली आहे तो भाग रंगवायचा नाही, राखाडी सोडायचा. १५ किमीखालचा जवळजवळ सगळा भाग त्यामुळे राखाडी होतो. विवराखालच्या भागाचे शीर्षक ‘शिलारसाचा साठा’ असे न ठेवता ‘एस-लहरींचा वेग घटलेला भाग, बहुधा द्रवयुक्त स्फटिकलगदा’ असे ठेवले. सरांनी ‘बहुधा’ हा शब्द राहू दिला. लहान गोळ्याच्या चाचणीचे चित्र परिशिष्टात न टाकता मुख्य प्रारूपाच्या शेजारी, त्याच रंगपट्टीवर छापले जाईल.

पुढचे काम आधी टिपून ठेवलेल्या शोषणापासून सुरू होईल. विवराखालून आलेल्या एस-लहरींतील जलद कंपने किती गळाली हे स्टेशनागणिक मोजायचे आहे. पहिली लहर वळसा घालून गेली तरी तिच्या मागून येणाऱ्या ऊर्जेत गोळ्याचा माग राहतो. त्यासाठी आगमनानंतरच्या काही सेकंदांचे तरंगरूप कापून ठेवले आहे. सुरुंगांच्या नोंदी आधी घ्यायच्या, भूकंपांच्या नंतर.